डाव्या कोपऱ्यातला हात

शिरोलीची बस यायला अजून अवकाश होता, म्हणून जयसिंग थांब्यामागच्या सावलीत उकिडवा बसला. कठडा होता, पण धुळीनं माखलेला, आणि बायकोनं, निशानं, सकाळी त्याच्या पँटीला दोनदा इस्त्री फिरवली होती. उकिडवं बसायची त्याला सवयच होती. सतरा वर्षं तो कबड्डीच्या मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात असाच बसला होता, टाचा किंचित उचललेल्या, हात गुडघ्यांच्या मधे सैल सोडलेले. समोर उचगावची बस लागली आणि कंडक्टरनं दोन घंट्या मारल्या, तेवढ्यात हातात डबा घेतलेला एक गडी ‘ओ, थांबा की’ करत तिच्यामागे धावत सुटला. तो जयसिंगच्या डाव्या अंगानं, अगदी त्याला घासून गेला आणि जयसिंगचा हात गेला. जयसिंगनं तो पाठवला नव्हता. बोटं त्या माणसाच्या घोट्यामागे चार बोटांच्या अंतरावर येऊन मिटली, रिकामीच. गडी बसच्या दांडीला लोंबकळून निघूनही गेला, आपल्या पायामागून काय गेलं हे त्याला कळलंसुद्धा नाही. थांब्यावर कुणालाच कळलं नाही. शेजारच्या एका बाईनं फक्त आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

जयसिंगनं हात परत आणून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. चार महिने तो ज्या गोष्टीच्या भोवती नुसता फिरत होता, जेवताना, दाढी करताना, निशा बोलत असताना, जिच्याजवळ आलं की मन दुसरीकडे वळवत होता, तीच गोष्ट या हातानं भर दुपारी, भर चौकात करून दाखवली होती. आता वळवायला दुसरीकडे जागा नव्हती. आपण ओरडू असं त्याला वाटलं, पण तो ओरडणारा नव्हता. त्यानं उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं, एवढंच.

आज चार मार्च. कंपनीत सुरक्षा सप्ताह सुरू होत होता आणि साडेचार वाजता त्याचा सत्कार होता. फेटा, शाल, श्रीफळ, आणि साहेबांचं भाषण. साहेब काय बोलणार हे जयसिंगला पाठ होतं, कारण गेले चार महिने सगळी शिरोली तेच बोलत होती. नोव्हेंबरात ओतकाम चालू असताना लेडल, म्हणजे रसाची मोठी बादली, कलंडली, वितळलेलं लोखंड जमिनीवर आलं, पळताना तौसीफ या तरुण कामगाराचा पाय घसरून तो पडला, आणि जयसिंगनं जिवाची पर्वा न करता त्याचा पाय धरून त्याला आगीतून ओढून काढला. पोराचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, पण जीव वाचला. पेपरात चौकट आली होती. आठवीतल्या मुलीनं, शिवानीनं, ती कापून वहीत चिकटवली होती आणि भोवती स्केचपेननं वेलबुट्टी काढली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात साहेबांनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. पाय तूच धरलास ना? धरला. ओढलास ना? ओढला. बाकीचा जबाब त्यांनी लिहून आणला आणि जयसिंगनं सही केली. खोटं तो एक अक्षरही बोलला नव्हता. माणसानं स्वतःला फसवायला याहून सोयीचं दुसरं काय लागतं!

डोळ्याला ऊन लागलं म्हणून त्यानं डोळे मिटले आणि मिटताच सयाजीमास्तरांचं उपरणं आठवलं. त्याला तंबाखूचा वास यायचा. सदर बाजाराच्या मैदानात, पहाटे, अठरा वर्षांच्या जयसिंगला मास्तर डाव्या कोपऱ्यात बसवायचे आणि ते उपरणं त्याच्या डोळ्यांवर करकचून बांधायचे. मग बाकीचे गडी एकेक करून त्याच्या अंगावरून पळायचे. कोण कुठून येणार, सांगायचं नाही. पायाचा धप्पदिशी आवाज, मातीचा हलका हादरा, पोटरीला लागलेला वारा, एवढ्यावर घोटा धरायचा. पहिले सहा महिने त्यानं नुसती माती धरली. तोंडावर लाथा खाल्ल्या, एक दात गेला, करंगळी दोनदा मोडली आणि वाकडीच जुळली. मास्तर म्हणायचे, ‘बघून धरशील तर गडी गेला. हाताला डोळ्याची वाट बघायची सवय लावू नगंस. डोक्याला कळायच्या आत हात पोचला पायजे.’ आणि एका सकाळी हात पोचला. मग रोज पोचायला लागला. घोटा हातात आला की ओळखीचं काहीतरी घरी परत आल्यासारखं वाटायचं, आणि पुढचं सगळं आपोआप व्हायचं. धरायचं, मुरगळायचं, आपल्याकडे खेचायचं. मास्तरांनी त्या दिवशी त्याला दूध पाजलं होतं. डोकं मधून काढून टाकायला आपण शिकतोय हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

पुढची सोळा-सतरा वर्षं या हातावर निघाली. एक्क्याण्णव साली शिरोलीच्या कंपनीनं त्याला आपल्या संघात घेतलं आणि कामगार म्हणून मस्टरवर नाव चढवलं. सकाळी सातला सही ठोकायची, नवाला मैदान गाठायचं. मलकापूर, इचलकरंजी, सांगली, पार मुंबईपर्यंत. चढाईला येणारे नामांकित गडी त्याची बाजू सोडून उजवीकडेच खेळायचे, आणि लोक ओरडायचे, ‘अरं डावीकडं जा की मर्दा, घाबरतोस व्हय!’ त्याला बोलावं लागत नसे. चढाई करणाऱ्यानं दम असेपर्यंत कबड्डी कबड्डी म्हणायचं असतं; पकडणाऱ्याचं तोंड बंद असलं तरी चालतं. जयसिंगला हे आवडायचं. मुळातच अबोल, त्यात शाळा नववीपर्यंत. त्याच्या वाटचं सगळं बोलणं हात करायचा. घरी आई, बायडाबाई, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्याचे कप मांडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की आमच्या जयसिंगला कंपनीनं खेळायचा पगार लावलाय. तिला त्यात गंमत वाटायची. शेवटपर्यंत तिला ते खरं वाटलं नाही.

आणि खरं नव्हतंच ते, असं त्याला आता वाटलं. मातीची मैदानं गेली, मॅट आली. मातीत पाय रुततो, घोटा क्षणभर तरी हाताशी थांबतो. मॅटवर बूट घातलेला पाय थांबतच नाही. शिवाय गुडघा. शिवाय तौसीफ. उचगावचा रोशनबीचा हा पोरगा वयाच्या एकोणिसाव्या वर्षी संघात आला तेव्हा अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण चढाईला आला की कुठून शिरला आणि कुठून निसटला कळायचं नाही. सरावात तो मुद्दाम डाव्या बाजूला यायचा. जयसिंगचा हात जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदा दोनदा नव्हे, रोज. एका संध्याकाळी तौसीफनं त्याच्यासाठी चहा आणला आणि प्रेमानंच, हसत हसत म्हणाला, ‘दादा, हात उशिरा यायला लागला की तुमचा.’ जयसिंगही हसला. घरी गेला आणि जेवला नाही. निशानं विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाला. पुढच्या मोसमात संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ते कुणी सांगितलंही नाही, कागद फळ्यावर लागला आणि त्यानं तो दोनदा वाचला.

मग तो खरा कामगार झाला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तेरा वर्षं ज्या शेडमधून तो नुसता सही करून जात होता, तिथली वाळू कशी कालवतात, साचा कसा ठोकतात, काही म्हणजे काही त्याला येत नव्हतं. विशीतली पोरं त्याला फावडं धरायला शिकवायची. तो आला की कुणीतरी ओरडायचं, ‘सरका रं, पावणं आलं.’ पाहुणा म्हणजे चार घटका येऊन जाणारा. चिडून उपयोग नव्हता, नाव चपखल होतं. त्याच्या हातून साचे ढासळायचे. मुकादम त्याला शेवटी साच्यांच्या रांगांच्या टोकाला बसवायचा, सांडलेली वाळू गोळा करायला. तिथं तो उकिडवा बसायचा. डाव्या कोपऱ्यात.

तो दिवस त्यानं आजवर पुरता आठवू दिला नव्हता. आता तो आठवू लागला आणि थांबेना. नवीन साहेबांनी खेळाडूंची सवलत बंद केली होती, त्यामुळे तौसीफही पूर्ण पाळी करायचा आणि मग सरावाला जायचा. लेडल चालली होती. वाळू कुठंतरी ओली राहिली होती, लोखंड तिला लागलं आणि फाडकन उसळलं, लेडल हेलकावली आणि लाल ओघळ जमिनीवर पसरत आला. सगळे पळाले. उजेड एवढा होता की जयसिंगनं डोळे गच्च मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे लालभडक, आणि कानात पायांचे आवाज, धप्प, धप्प, आणि एक आवाज डावीकडून, हलका, टाचा न टेकणारा, ओळखीचा. पोटरीला वारा लागला. हात गेला. घोटा हातात आला, पुरता, चारी बोटं आणि अंगठा एकमेकांना भेटले. तौसीफ आडवा कोसळला आणि त्याचा दुसरा पाय ओघळात गेला. आणि जयसिंगनं धरलं, मुरगळलं, आपल्याकडे खेचलं. सहा फूट खेचलं. लोकांनी पाहिलं ते हे. त्याआधीचं कुणी पाहिलं नाही, त्यानं स्वतःही नाही. पण त्याआधीचं त्यानं अनुभवलं होतं. घोटा हातात आला त्या क्षणी, तौसीफच्या तोंडून किंकाळी फुटायच्या आत, जयसिंगला आनंद झाला होता. दोन वर्षांत झाला नव्हता असा. हात वेळेवर आला, एवढंच त्याच्या अंगभर झालं होतं, आणि मग जळलेल्या मांसाचा वास आला.

शिरोलीची बस आली, थांबली, गेली. तो उठला नाही. सत्कार झाला की सोमवारपासून त्याला टाइम ऑफिसात, हजेरी लिहायला, खुर्ची मिळणार होती. फावडं नाही, पावणं नाही. निशा त्या खुर्चीबद्दल शेजारणींशी बोलून मोकळीही झाली होती. आणि तौसीफ उचगावला घरी खाटेवर होता. नकली पाय लावून तो चालेल असं डॉक्टर म्हणत होते, पाय आणूनही ठेवला होता, पण पोरगा उभाच राहत नव्हता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारायचा, मी घसरलो कसा? जयसिंग दोनदा गेला होता, केळी घेऊन. दोन्ही वेळा तौसीफ आपल्या उरलेल्या पायाकडे बघत बोलला होता. नकली पाय चढवला तरी सगळा भार ह्याच्यावरच येणार, आणि ह्यानं ऐनवेळी दगा दिला. ह्याच्यावर कसा उभा राहू, असं त्याचं म्हणणं होतं. जयसिंगनं मान हलवली होती. केळी ठेवून तो परत आला होता. स्वतःच्या त्या मान हलवण्याची त्याला आता इतकी किळस आली की तो ताडकन उठला. पुढची उचगावची बस लागत होती. आपण चढतोय की पळतोय, त्याला कळत नव्हतं. पायऱ्या चढताना त्यानं डावा हात खिशात घातला होता.

मशिदीमागच्या गल्लीत रोशनबीच्या दारात चपलांचे दोन जोड जास्त होते, शेजारच्या बायका नुकत्याच उठून जात होत्या. रोशनबी नवी साडी नेसून तयार होती. तिला न्यायला चारला कंपनीची जीप येणार होती. पोराचा जीव वाचवणाऱ्याला शाल तिच्याच हातून द्यायची, असं साहेबांनी ठरवलं होतं. जयसिंगला दारात बघून ती गडबडली. तुमी हिकडं कसं, म्हणाली, आणि मग आपणच समजूत काढून घेतली की मला न्यायला आला असतील. चहा टाकते म्हणून ती आत गेली. तौसीफ खाटेवर भिंतीला टेकून होता. दाढी वाढलेली. नकली पाय कोपऱ्यात उभा होता, त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी तशीच.

‘झ्याक दिसताय दादा,’ तौसीफ म्हणाला. ‘सत्कार जोरात हाय म्हणं.’

जयसिंग खुर्चीवर बसला नाही. खाटेसमोर जमिनीवर उकिडवा बसला, कारण दुसरं कसं बसावं ते सुचेना. वाटेत त्यानं शब्द जुळवले होते, सावकाश, एकाला एक लावून. त्यातला एकही जागेवर नव्हता. आतून स्टोव्हचा आवाज येत होता. आपल्याला हे जमणार नाही, आपण उठून जाणार, फेटा बांधून घेणार, असं त्याला स्पष्ट दिसलं, आणि त्याला रडू फुटलं. आवाज न करता, नुसतं पाणी. तौसीफ घाबरला. काय झालं, घरी सगळं बरं हाय न्हवं, विचारू लागला.

‘तू घसरला न्हाईस,’ जयसिंग म्हणाला. ‘मी धरला तुला.’

तौसीफला कळलं नाही. व्हय की, म्हणाला, धरला म्हणून तर वाचलो. जयसिंगनं मान हलवली, या वेळी आडवी. मग त्यानं सांगितलं. त्याला सांगता येत नव्हतं. एक वाक्य पुढचं, एक मागचं, उजेड, मिटलेले डोळे, आवाज, वारा. तू पळालास ते बरोबर पळालास, तू पार झाला व्हतास. हात गेला. पडायच्या आधी गेला. थांब्यावरच्या माणसाचंही सांगितलं. तौसीफ ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. मग त्यानं उरलेला पाय खाटेवरून खाली सोडला, जयसिंगच्या डाव्या बाजूला.

‘धरा.’

जयसिंगनं हात मागे ओढून घेतला.

‘धरा म्हणतोय न्हवं. कसा धरला ते बघू द्या मला.’

हात गेला. बोटं मिटली. तौसीफनं डोळे मिटून घेतले आणि पाय हिसकला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळा जीव लावून. खाट करकरली. पाय सुटला नाही. कपाळावर घाम आला तरी तो हिसकत राहिला, आणि मग थांबला. ‘हाच,’ तो म्हणाला. ‘हाच झटका व्हता. मला वाटलं वाळूवरनं पाय सरकला.’ श्वास लागला होता त्याला. ‘धरला तवा काय वाटलं तुमास्नी?’

हे विचारलं जाईल असं जयसिंगला वाटलं नव्हतं. उत्तर त्यानं निशालाही दिलं नसतं.

‘बरं वाटलं,’ तो म्हणाला.

तौसीफचा हात उठला. तो आता आपल्या थोबाडीत मारणार, असं जयसिंगला वाटलं, आणि मारावं, दोन्ही हातांनी मारावं, असंही वाटलं. हात जयसिंगच्या खांद्यावर पडला आणि तिथं रुतला, नखं सदऱ्यातून आत लागली. तौसीफ रडत होता की शिव्या देत होता ते नीट कळत नव्हतं. मधेच एक वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, म्हंजे मी घसरलो न्हवतो. म्हंजे मी घसरलो न्हवतो. मग खांद्यावरचा भार वाढला. जयसिंगला आधी उमगलं नाही. घोट्यातली शीर ताणली, टाच जमिनीला टेकली, त्याच्या बोटांच्या आत हाड फिरलं आणि स्थिर झालं. त्यानं वर बघितलं. तौसीफ उभा होता. एका पायावर, थरथरत, त्याच्या खांद्यावर भार देऊन, पण उभा.

‘सोडू नका अजून,’ तौसीफ म्हणाला.

रोशनबी चहाच्या कपबशा घेऊन दारात आली आणि तिथंच थबकली. चार महिन्यांत तिनं पोराला उभं बघितलं नव्हतं. तिनं कपबशा फळीवर ठेवल्या आणि पदर तोंडाला लावला. खाली जयसिंग तिच्या पोराचा पाय धरून बसलेला. ‘या अल्ला, भाऊ,’ ती म्हणाली, ‘एकडाव मरणातनं वढला, आता उभा बी तुमीच केला. उठा, पाय काय धरताय त्याचं. तुमचं पाय मी धरायचं.’ खाटेवर तिनं शालीची पिशवी आणि हार तयार ठेवला होता. ती पुढं आली आणि त्यातली शाल उलगडू लागली, इथंच पहिली घालते म्हणाली.

जयसिंगनं तौसीफकडे बघितलं. सांगून टाक, असं जयसिंगच्या डोळ्यांत असावं.

‘मी न्हाय सांगणार,’ तौसीफ हळू म्हणाला. ‘तुमीच सांगा.’

बाहेर गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. रोशनबीनं शाल त्याच्या खांद्यावर टाकली; शालीला नव्या कापडाचा वास होता, आणि रोशनबीचे हात, शिवणकामात सुई टोचून टोचून खरबरीत झालेले, त्याच्या मानेशी शाल सारखी करत होते. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला. ती आलो आलो म्हणून ओरडली.

‘चाची,’ जयसिंग म्हणाला. तिचे हात थांबले. घोटा अजून त्याच्या हातात होता. ‘चाची, त्यो घसरला न्हवता.’